कोचनी लिहिलेला विरोध

"कोच नाही म्हणतायत," ती बाई म्हणाली आणि दार लावायला लागली.

मी दारात पाय घातला. सत्तरीला टेकले आहे, गुडघ्यांत काही राम उरलेला नाही, पण घातला. "कोच काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही काय म्हणता ते विचारतेय."

"मी कोचचं ऐकते. माझ्या तिन्ही पोरांना त्यांनी शिकवलंय. पाय काढा."

"त्याच तिघांना रोज शाळेत कोण नेत होतं? बस मी चालवायचे, कोच नव्हे!"

"म्हणून काय जन्मभर तुम्हाला कर भरू?" तिने दार आपटलं. पाय वेळेत निघाला, नाहीतर मलाच अ‍ॅम्ब्युलन्स लागली असती. आणि सगळं भांडण त्या अ‍ॅम्ब्युलन्सचंच तर होतं.

मी वेल्डा हॅगन. लिंडेरोत शाळेची पिवळी बस चालवून निवृत्त झाले. आमच्या गावाच्या मधोमध रेल्वे जाते. पलीकडे नगरपालिका, इस्पितळ, मोठी दुकानं, मोठं फायर स्टेशन. अलीकडे आम्ही, अक्रोडाच्या बागा, गायींचे गोठे आणि एक छोटं फायर स्टेशन. त्यात एक बंब नि एक अ‍ॅम्ब्युलन्स, बस्स. मालगाड्या येऊन फाटकावर उभ्या राहतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. मार्चमध्ये माझा नवरा ऑर्विल हातात बशी घेऊन स्वयंपाकघरात कोसळला, तेव्हाही फाटकावर गाडी उभी होती. अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडची होती म्हणून आली, आणि फाटक उघडेपर्यंत तिच्यातल्या पोरांनी त्याचं हृदय चालू ठेवलं. पलीकडून यायची असती तर मी आज विधवा असते, इतकं सरळ आहे ते.

आता नगरपालिका म्हणाली, तिजोरीत खडखडाट आहे, नवीन वर्षापासून अलीकडचं स्टेशन बंद. नाहीतर लोकांनी नोव्हेंबरच्या मतदानात विक्रीकर अर्धा टक्का वाढवून द्यावा. त्याला नाव मिळालं प्रस्ताव एफ. 'हो' जिंकलं तर स्टेशन राहणार, 'नाही' जिंकलं तर जाणार. ऑर्विलचं हृदय तर डॉक्टरांच्या शब्दांत 'उसनं चालतंय'. त्यामुळे माझ्यासाठी प्रस्ताव एफ म्हणजे ऑर्विल होता, दुसरं तिसरं काही नाही.

आणि कोचनी लिहिलेला तो 'नाही', तो आम्हीच त्यांच्याकडून लिहून घेतला होता! हो, आम्ही 'हो'वाल्यांनीच.

झालं असं. जुलैत आमची समिती ट्रिश बोकमनच्या घरी बसली होती. ट्रिश घरं विकते. बसथांब्याच्या बाकांवर तिचा हसरा चेहरा छापलेला असतो. पोरं त्याला मिशा काढतात, आणि बरं करतात. तीच समितीची अध्यक्ष. लिंबू सरबत वाटत ती म्हणाली, "मला एक युक्ती सुचलीय."

निवडणुकीआधी घरोघर मतदार पुस्तिका येते. तिच्यात प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूने एक लेख आणि विरोधात एक लेख. विरोधाचे चार लेख आले तरी छापायचा एकच. कुठला, ते नगरसचिव ठरवणार.

"डेल रस्क लिहिणार हे तर ठरलेलंच आहे," ट्रिश म्हणाली. डेलचं टायरचं दुकान आहे. कर म्हटलं की त्याच्या अंगाची लाही होते. तोंड फाटकं, पण नगरपालिकेचा खर्च त्याला तोंडपाठ. "तो लिहिणार की पालिकेने कुठे कुठे पैसे उधळले. लोक ते वाचणार नि भडकणार. त्याऐवजी विरोधाचा लेख आपणच दिला तर? आपल्यातल्याच एका मोठ्या माणसाच्या सहीने. अगदी मिळमिळीत. नगरसचिव मोठं नाव बघून तोच घेईल, डेल बसेल बोंबलत, आणि लोक तो लेख वाचून हसतील नि 'हो' करतील."

सगळ्यांच्या माना कोचकडे वळल्या.

कोच म्हणजे जोकिम मेंडोन्सा. हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे आणि फुटबॉलचा संघ घडवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, उरलेल्या अर्ध्याला खेळवलंय. माझ्या ऑर्विललाही शिकवलंय, तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. या गावात त्यांना नुसतं कोच म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा.

"कायद्यात बसतं का हे?" कोचनी विचारलं.

"बसतं. मजकूर तुमच्या माहितीप्रमाणे खरा आहे, एवढं लिहून सही करायची."

"मग मी खरंच लिहीन की," कोच म्हणाले आणि एखाद्या वांड पोरासारखे खुदकन हसले. नागरिकशास्त्राचा मास्तर, बरं का! पोरांना लोकशाही शिकवून पेन्शनीत निघालेला.

मी म्हटलं, "हे जमायचं नाही."

"का गं?" ट्रिशने विचारलं.

"कारण या माणसाला वाईट बोलताच येत नाही. हरलेल्या सामन्यानंतर हे बोलायचे आणि पोरं जिंकल्यासारखी आरडाओरडा करत माझ्या बसमध्ये चढायची. मला ठाऊक आहे, बसच्या काचा मी पुसल्यात."

"वेल्डा, तू दारं ठोठाव. डावपेच आमच्यावर सोड."

असं म्हणाली ती मला! आणि मी गप्प बसले. कारण दारं ठोठावणारं दुसरं कोणी नव्हतं आणि ऑर्विल घरी होता.

आठवड्याने कोचनी लेख वाचून दाखवला. ते लहान असताना आव्हिलांच्या गोठ्याला आग लागली होती. तेव्हा अलीकडे फायर स्टेशन नव्हतंच. चर्चची घंटा वाजली, माणसं धावली, कालव्यापासून गोठ्यापर्यंत रांग लागली आणि दुधाच्या कॅनमधून हातोहात पाणी गेलं. त्या रांगेत आव्हिला आणि रास्मुसेन शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही घरांत बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता. गोठा गेला, पण सगळी जनावरं वाचली, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं एका ताटात जेवायला लागली. शेवटी कोचनी लिहिलं होतं: 'आज आपण फोन करतो आणि पडद्याआडून बघत बसतो. कर भरला की शेजाऱ्याचं नाव विसरायला आपण मोकळे. प्रस्ताव एफ नाकारा.'

ट्रिश हसून हसून बेजार झाली. "दुधाचे कॅन! अहो कोच, दुधाचे कॅन! हे वाचून 'नाही' कोण म्हणणार?"

बाकीचेही हसत होते. मी हसत नव्हते. मला त्या रांगेत जाऊन उभं राहावंसं वाटत होतं आणि त्याचा मला भयंकर संताप आला होता.

"फाडा ते," मी म्हटलं.

"अगं, काहीतरीच काय!"

"ट्रिश, मी स्टेशनसाठी जीव टाकतेय आणि हे ऐकून मलाच 'नाही' म्हणावंसं वाटलं. फाडून टाका."

फाडलं नाही. कोचचा चेहरा किती खुलला होता! चांगलं झालंय हे त्यांना कळलं होतं. तिथेच मी त्यांच्या हातातून कागद हिसकावून घ्यायला हवा होता, पण कोचच्या हातातून काही हिसकावायचं कुणाला सुचत नाही.

नगरसचिवांनी डेलचा लेख बाजूला ठेवला आणि कोचचा घेतला. पुस्तिका घरोघर गेली. पहिल्या दिवशी डेल थयथयाट करत नगरपालिकेत पोचला. आमच्या वतीने बोलणारा हा म्हातारा कोण, म्हणून टेबल बडवलं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याने लेख पुन्हा वाचला असावा, कारण तिसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर भलामोठा फलक लागला. त्यावर दुधाचा कॅन, खाली 'शेजारी की कर?' आणि त्याखाली कोचचं नाव.

मग पाट्या उगवल्या. आणि पाट्यांवर भागलं नाही. लोकांनी माळ्यांवरून, गोठ्यांतून खरे दुधाचे कॅन काढले, घासले, अंगणात मांडले आणि त्यांवर 'नाही' रंगवलं. आमच्या गल्लीत दारोदारी कॅन. रोज उठून ते बघायचे आणि दात-ओठ खायचे मी!

दारं ठोठावण्यात मी काय काय सोसलं ते मीच जाणे. एकाने मला फाटकातून आत येताना बघितलं आणि हिरवळीचे फवारे सोडले. दुसरीने कुत्रा सोडला. माझ्या अंगणातली 'हो'ची पाटी दोनदा चोरीला गेली. तिसऱ्यांदा लावली ती उलटी ठोकलेली सापडली.

एक जण म्हणाला, "तुमच्या नवऱ्याच्या दुखण्यासाठी मी का भुर्दंड सोसायचा?"

"उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"शेजारी येतील."

"शेजारी मीच आहे तुमची! कालव्याकडून तिसरं घर. माझं नाव सांगा बघू."

त्याला सांगता आलं नाही. तरी दार त्यानेच लावलं.

फायर स्टेशनच्या पोरांनी तरी बोलावं ना? नाही. गणवेशात असताना 'हो' की 'नाही' हे त्यांना सांगताच येत नाही, कायदा तसा आहे. मी समोरून गेले की बिचारे बंब धूत माना खाली घालायचे. नगरपालिकेने एक कार्ड पाठवलं, तेही नुसती माहिती म्हणून. इतकं कोरडं की वाचताना पाणी प्यावं लागलं.

आणि कोच? कोचचं नशीब फळफळलं होतं. डोनटच्या दुकानात त्यांच्याकडून कोणी पैसे घेईना. लोक खुर्ची सोडून उठायचे. निवृत्तीनंतर त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. समितीच्या बैठकीला यायचे ते बंद झाले. ट्रिशला फोनवर म्हणाले, मी येताना दिसलो तर लोकांना संशय येईल. मला ते ऐकून हसू आलं, पण ते रागाचं हसू होतं.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसून ते दुधाचा कॅन घासत होते. होय, त्यांनीही काढला होता!

"कोच, पुरे झालं आता," मी म्हटलं. "लोकांना सांगा, हा विरोध खोटा होता."

"बस वेल्डा. चहा घेतेस?"

"चहा नको. सांगा लोकांना."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "त्यात खोटं काय आहे? आग लागली होती. रांग लागली होती. मी त्या रांगेत उभा होतो, बारका होतो तरी. खोटा शब्द दाखव एक."

"तुम्ही तो लिहिला 'हो' जिंकावं म्हणून!"

"लिहायला बसलो तेव्हा तसंच होतं."

"आणि आता?"

त्यांनी कॅन दुसऱ्या बाजूने फिरवला. मग म्हणाले, "लोक मला येऊन सांगतात, वेल्डा. काल एक जण सांगत होता की तुमचा लेख वाचून मी भावाला फोन केला. कितीतरी वर्षांनी. एवढं एका फायर स्टेशनने कधी केलंय?"

"फायर स्टेशनने माझा नवरा जिवंत ठेवलाय. भावाला फोन केल्याने हृदय चालू होत नाही, कोच!"

"ऑर्विलबद्दल मला वाईट वाटतं."

"वाईट वाटून घेऊ नका. तोंड उघडा."

"उघडीन," ते म्हणाले. "गुरुवारी, प्रस्ताव एफवरच्या सभेत."

मी वेडी, घरी आले ती सुटल्यासारखी. ऑर्विलला सूप वाढताना म्हटलंसुद्धा की कोच गुरुवारी सगळं नीट करणार आहेत. "काय नीट करणार?" त्याने विचारलं. "ते समितीतलं आहे," मी म्हटलं. लेखामागची युक्ती मी त्याला सांगितलेली नव्हती. डॉक्टरांनी त्याला त्रागा करू देऊ नका म्हणून बजावलं होतं आणि खरं सांगायचं तर सांगितल्यावर तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी सभेला पोर्तुगीज वस्तीचा हॉल खचाखच भरला. स्टेजवर एका बाजूला ट्रिश, दुसऱ्या बाजूला डेल आणि कोच. सभा गावच्या केबलवरून घरोघरी दिसत होती. ऑर्विलही बघत होता.

ट्रिश आधी बोलली. हसरा चेहरा, आकडे, 'आपली सुरक्षितता'. मागून कोणीतरी ओरडलं, "घर विकतेस का गं बाई?" सगळे हसले. डेल बोलला, पालिकेला शिव्या घातल्या. मग कोच उठले. त्यांनी चष्मा काढला. मी पुढे सरकून बसले. आता बोलतील, आता बोलतील.

ते म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा आव्हिलांच्या गोठ्याला आग लागली."

पुन्हा तेच, आणि पहिल्यापेक्षा चांगलं! घंटेचा आवाज, कालव्याचा गारवा, रास्मुसेनचे फोड आलेले हात. शेवटी म्हणाले, "म्हणून मी 'नाही'ला मत देणार. तुम्हीही द्या." लोक उठून उभे राहिले. बायका डोळे पुसत होत्या.

माझं डोकं फिरलं. माईक आणून द्यायची वाट बघितली नाही, तीस वर्षं बसच्या मागच्या सीटपर्यंत ओरडायची सवय आहे मला.

"खोटं आहे हे!" मी ओरडले. "हा लेख 'हो'वाल्यांनीच लिहून घेतलाय! ट्रिशच्या घरी ठरलं. डेलचा लेख पुस्तिकेत येऊ नये म्हणून कोचनी मुद्दाम बिनडोक लेख लिहायचा, असं ठरलं होतं. मी होते तिथे. सरबत पीत होते मी!"



ट्रिशने माईक घेतला. चेहऱ्यावर तेच बाकावरचं हसू. "वेल्डाताई सध्या फार ताणाखाली आहेत. घरी आजारपण आहे, आपण समजून घेऊ या. असं काही घडलेलं नाही."

"अगं भवाने!" मी म्हटलं. माईक नव्हता तरी ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"वेल्डा खरं बोलतेय," कोच म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ट्रिशचं हसू तेव्हा कुठे मावळलं, आणि मला एवढंच समाधान त्या संध्याकाळी मिळालं.

"खरं आहे," कोच पुन्हा म्हणाले. "लबाडी करायलाच बसलो होतो मी. तुम्हाला हसवायला. पण लिहिता लिहिता मला ते पटलं. या वयात मास्तराला काही नवं पटावं, लाज वाटते सांगायला. माफ करा मला."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! त्या माणसाला! लबाडी कबूल केली म्हणून आणखी टाळ्या. डेलने कोचच्या पाठीवर थाप मारली. आणि कबुली ऐकून झाल्यावर लोक 'हो'च्या बाजूकडे, म्हणजे माझ्याकडे वळले.

"फसवलंत आम्हाला!"

"आजी, घरी जा!"

"नवऱ्याचं दुखणं विकत फिरते!"

कोणीतरी माझ्या पाठीवर कागदाचा बोळा मारला. मी हॉलमधून निघाले ती कोणाकडे न बघता. कोच मागून हाक मारत होते, "वेल्डा, अगं वेल्डा." थांबले असते तर माझ्या हातून काहीतरी भलतंच घडलं असतं.

निकाल आत्ताच सांगून टाकते, उगीच तंगवत नाही. प्रस्ताव एफ पडला. चांगलाच पडला. नवीन वर्षाला बंब नि अ‍ॅम्ब्युलन्स पलीकडे गेली आणि स्टेशनच्या दाराला साखळी लागली. ट्रिश अजून बाकांवर हसते. कोच अजून डोनट फुकट खातात. कालव्यावर पाण्याची रांग लावायचा सराव करू म्हणून त्यांनी लोकांना बोलावलं होतं, चार माणसं आली म्हणे. पण मला जे सांगायचंय ते सभेच्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं.

मी घरी पोचले तेव्हा ऑर्विल टेबलाशी बसला होता. टीव्ही बंद केलेला. समोर टपालाने घरी आलेली त्याची मतपत्रिका.

"बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं."

"त्या म्हाताऱ्याने गळा कापला माझा."

"तुझा नाही कापला," ऑर्विल म्हणाला. "डेलचा कापला. जुलैत. तुम्ही सगळ्यांनी मिळून."

मी खुर्ची ओढली. "डेलचं काय घेऊन बसलास? तो मूर्ख आहे."

"मूर्खच आहे. टायरसुद्धा धड बसवत नाही. पण पुस्तिकेतलं ते पान त्याचं होतं, वेल्डा. त्याला विरोध करायचा होता आणि विरोध करायची जागा तुम्ही पळवलीत. आणि हे ठाऊक असताना तू दारोदार फिरलीस. माझं दुखणं सांगत."

"मग काय सांगायचं होतं? हवापाणी? तुझ्यासाठी फिरले मी! माझे गुडघे बघ!"

"ठाऊक आहे माझ्यासाठी फिरलीस ते. म्हणून तर बोलतोय. माझं नाव पुढे करून फिरलीस, मला न विचारता."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"मग?"

मी उठले, भांडी आपटली, परत बसले. त्याने पेन उचललं. त्याचा हात मार्चपासून थरथरतो. मी बघत होते. प्रस्ताव एफपाशी आला आणि 'नाही'चा गोल भरायला लागला. सावकाश, रेषेबाहेर न जाता.

"ऑर्विल, वेडा झालास का?"

"झालो असेन."

"ते स्टेशन तुझ्यासाठी आहे, गाढवा! तुझ्या ह्या छातीसाठी! गाडी उभी असली फाटकावर तर कोण येणार आहे?"

"कोणी नाही येणार बहुतेक."

"मग मरशील."

"मग मरेन." तो गोल भरत राहिला. "कोचचं भाषण ऐकून नाही करत हे. कोच म्हातारपणी बहकलेत. पण तुमच्या त्या समितीला मी 'हो' म्हणणार नाही. तुम्ही सरळ मागितलं असतंत, तर दिलं असतं मी. लोकांनीही दिलं असतं कदाचित."

"नसतं दिलं! तू गेला नाहीस त्यांच्या दारांत. मी गेलेय. नसतं दिलं!"

"मग नसतं दिलं. तो त्यांचा हक्क होता."

मला त्याचा इतका राग आला की पेन खेचून घेऊन मोडून टाकावंसं वाटलं. आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की त्याचं मनगट धरून बसावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. रडले मात्र, आणि रडताना शिव्याही घातल्या. त्याने गोल पूर्ण केला, घडी घातली, पाकिटात सरकवली, चिकटवली आणि वर सही केली. मग पाकीट माझ्यापुढे केलं, कारण त्याला गाडी चालवायची मनाई आहे.

"टाकशील ना?" त्याने विचारलं.

"नाही टाकणार. चुलीत घालीन."

"टाकशील," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

सकाळी मी दोन पाकिटं घेऊन वाचनालयापाशी गेले. मतपेटी तिथे बाहेरच असते. माझं 'हो' आधी टाकलं. त्याचं हातात राहिलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कचऱ्याचा डबा मतपेटीला लागूनच आहे. कोणाला कळलं असतं? मत मोजलं गेलं की नाही हे ऑर्विल काही बघायला जाणार नव्हता. एक 'नाही' कमी झालं असतं, त्याच्याच जिवासाठी.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. एवढ्या घरांनी माझ्या तोंडावर दारं लावली, त्यांतल्या कोणाचा मला इतका राग आला नव्हता जितका त्या क्षणी घरी झोपलेल्या त्या हट्टी म्हाताऱ्याचा आला.

दुसऱ्याचं मत आणून टाकलं तर पाकिटावर आपलं नाव लिहावं लागतं, सही करावी लागते आणि मतदाराशी नातं काय तेही लिहावं लागतं. मी गाडीतून पेन आणलं. पाकीट मतपेटीवर ठेवून नाव लिहिलं. सही केली. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं आणि पाकीट आत टाकलं.